परतीचे तिकीट मिळते, परतीची जागा मिळत नाही

परदेशी विद्यापीठांत उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र आणि राज्य शासनाच्या ज्या शिष्यवृत्त्या आहेत, त्यांत शिक्षणशुल्क, निर्वाहभत्ता आणि जाण्यायेण्याचे विमानभाडे यांची तरतूद असते. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती दरवर्षी १२५ विद्यार्थ्यांसाठी आहे. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती ७५ विद्यार्थ्यांसाठी. निवड कशी व्हावी, उत्पन्नाची मर्यादा किती असावी, विद्यापीठ जागतिक क्रमवारीत कितवे असावे, करारनामा कसा करावा, याचे नियम तपशीलवार आहेत. परतीच्या तिकिटापाशी मात्र हे नियम संपतात. चार-पाच वर्षे खपून प्रबंध पूर्ण केलेली व्यक्ती मायदेशी उतरल्यानंतर तिच्या ज्ञानाचे काय करायचे, याविषयी शासनाच्या कागदांत मौन आहे.

हे मौन मुंबई-पुण्यात फारसे जाणवत नाही, कारण तेथे विद्यापीठे, संशोधन संस्था आणि कंपन्या यांचे जाळे आहे. ते जाणवते भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यानंतर सात तालुक्यांचा उरलेला हा जिल्हा नागपूरपासून जेमतेम साठ किलोमीटरवर आहे. वैनगंगा, भाताची शेती, तलाव, तुमसरच्या परिसरातील मॅंगनीजच्या खाणी, जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना, ही त्याची ओळख. आंबेडकरी चळवळीचा वारसा असलेल्या या भूमीतील एखादी मुलगी वा मुलगा शिष्यवृत्तीच्या बळावर लंडन वा न्यूयॉर्कला पोहोचणे ही गोष्ट आता अशक्य कोटीतील राहिलेली नाही. प्रश्न आहे तो त्यानंतरचा. प्रबंधाचे शेवटचे प्रकरण लिहीत असताना या विद्यार्थ्याने परतीची तयारी करायची, ती नेमकी कशासाठी?

बडोद्याचा करार

परदेशात प्रबंध पूर्ण करणे आणि मायदेशी परतणे या दोन्ही गोष्टी एकमेकींत कशा गुंतलेल्या असतात, याचे सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. ते गौरवाने पुष्कळदा सांगितले जाते. धोरणाच्या दृष्टीने मात्र क्वचितच वाचले जाते. १९१३ साली बडोदा संस्थानाने त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांच्याकडून करून घेण्यात आला. १९१६ मध्ये त्यांनी कोलंबिया विद्यापीठाला भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाटपाविषयीचा प्रबंध सादर केला आणि पुढील अभ्यासासाठी ते लंडनला गेले. तेथील काम अर्ध्यावर असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची सवलत घेऊन १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईत उतरले. मागाहून येणारे त्यांचे सामान ज्या जहाजावर होते, ते महायुद्धात पाणतीराने बुडाले.

करार पाळण्यासाठी ते बडोद्याला गेले. पद मिळाले, पण राहायला घर मिळाले नाही. पारशी असल्याची बतावणी करून एका धर्मशाळेत आसरा घ्यावा लागला आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. दहा वर्षांचा करार असा काही दिवसांत निकालात निघाला. या घटनेत संस्थानाने आपल्या शब्दाला जागून नोकरी दिली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. करारात विद्यार्थ्याने परतावे ही अट होती. परतलेल्या माणसाला गावाने घ्यावे ही अट कोणीच कोणावर घातलेली नव्हती. या अनुभवाविषयी आंबेडकरांनी पुढे जे टिपण लिहिले, त्याचे शीर्षकच व्हिसाच्या प्रतीक्षेविषयीचे आहे. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये राहून आलेल्या माणसाला परवाना लागला तो स्वतःच्या देशात.

पुढचा प्रवासही तितकाच बोधप्रद आहे. सिडनॅहम महाविद्यालयात अध्यापन करून केलेली बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी १९२२ मध्ये सादर केला. १९२३ मध्ये ते भारतात परतले, तेव्हा त्यावर अंतिम मोहोर उमटलेली नव्हती. परीक्षकांच्या सूचनांनुसार फेरफार करून प्रबंध मुंबईहून पुन्हा पाठवावा लागला आणि त्या वर्षाच्या अखेरीस तो मान्य झाला. कोलंबियाच्या पदवीची कथा याहून लांबली. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये छापला गेला, सयाजीरावांना अर्पण झाला आणि १९२७ मध्ये पीएचडी रीतसर बहाल करण्यात आली. प्रबंध सादर होणे आणि पदवी हाती पडणे यांत अकरा वर्षे गेली. विद्यार्थ्याच्या अभ्यासाचे वेळापत्रक आणि पैसा देणाऱ्याचे वेळापत्रक जुळत नाही, ही अडचण शंभर वर्षांपूर्वीही होती आणि आजही आहे.

भंडाऱ्याचा या कथेशी थेट संबंध येतो तो १९५४ मध्ये. त्या वर्षी भंडारा लोकसभा मतदारसंघात झालेल्या पोटनिवडणुकीत राखीव जागेसाठी आंबेडकर उभे राहिले. जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी त्यांचा सुमारे आठ हजार मतांनी पराभव केला. याच द्विसदस्य मतदारसंघाच्या सर्वसाधारण जागेवरून अशोक मेहता निवडून आले. निवडणुकीतील जयपराजयाला पक्ष, संघटन आणि त्या काळचे वारे कारणीभूत असतात; त्यावरून जिल्ह्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. तरीही दोन परदेशी विद्यापीठांचे प्रबंध, देशाची राज्यघटना आणि कायदेमंत्रिपदाचा अनुभव पाठीशी असलेल्या माणसाची अखेरची निवडणूक भंडाऱ्याची ठरावी, ही नोंद या जिल्ह्याने विसरण्याजोगी नाही. ज्ञान घेऊन परतलेल्यांना समाज आपोआप जागा करून देतो, हा समज तिने कायमचा खोटा ठरविला आहे.

प्रबंधाचे शेवटचे वर्ष

आजच्या विद्यार्थ्याची कोंडी शेवटच्या वर्षात सुरू होते. राष्ट्रीय शिष्यवृत्तीत पीएचडीसाठी चार वर्षांची मुदत आहे. अमेरिकेत पीएचडीला पाच-सहा वर्षे लागणे ही सामान्य गोष्ट आहे; ब्रिटनमध्ये तीन-चार वर्षांत काम उरकावे अशी अपेक्षा असली, तरी क्षेत्रकार्य लांबले, मार्गदर्शक बदलले वा तोंडी परीक्षेत दुरुस्त्या निघाल्या, की गणित कोलमडते. घरून पैसे येण्याची शक्यता असलेल्या विद्यार्थ्याला ही सहा-आठ महिन्यांची तूट भरून काढता येते. लाखांदूर वा मोहाडीच्या शेतमजुराच्या घरातून गेलेल्याला ती भरून काढता येत नाही. शिष्यवृत्तीची गरज ज्याला सर्वाधिक, त्याच्याच प्रबंधाचे शेवटचे प्रकरण सर्वाधिक अडचणीत लिहिले जाते.

पैसा मिळेल की नाही, ही अनिश्चितता याहून वेगळी. २०२५ च्या जुलैमध्ये राष्ट्रीय शिष्यवृत्तीसाठी निवडलेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी ४० जणांनाच आरंभी तात्पुरती पत्रे देण्यात आली आणि उरलेल्यांची पत्रे निधीच्या उपलब्धतेवर सोडण्यात आली. महाराष्ट्रातही २०२४ मध्ये गुणांची अट आणि रकमेवरील मर्यादा यांवरून मोठा वाद झाला. प्रवेशाची तारीख विद्यापीठ ठरवते, व्हिसाची दूतावास ठरवतो, आणि या दोन्हींशी सोयरसुतक नसलेली तिसरी तारीख मंत्रालयात ठरते.

त्यात २०२२ च्या नियमांनी एक विसंगती आणली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अध्ययन हे विषय राष्ट्रीय शिष्यवृत्तीतून वगळण्यात आले. देशात या विषयांचे साहित्य आणि जाणकार विपुल आहेत, तेव्हा त्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही, असा युक्तिवाद त्यामागे होता. वरकरणी तो पटण्याजोगा आहे. परंतु परदेशी विद्यापीठात जायचे ते कागदपत्रांसाठी नव्हे, पद्धतीसाठी. आपल्या समाजाकडे थोड्या अंतरावरून आणि इतर समाजांच्या तुलनेत पाहण्याची सवय लागावी यासाठी. १९१६ च्या मे महिन्यात कोलंबियातील परिसंवादात आंबेडकरांनी वाचलेला भारतातील जातींविषयीचा निबंध हा त्याच सवयीचा परिणाम होता. आजच्या नियमांनुसार तो विषय शिष्यवृत्तीच्या कक्षेबाहेर गेला असता. विद्यार्थ्याने घरी परतावे असे म्हणायचे आणि ज्या घरी परतायचे त्याचा अभ्यास मात्र करू नये असेही म्हणायचे, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

दुसऱ्या बाजूने यजमान देशांची दारेही अरुंद होत आहेत. ब्रिटनमध्ये पीएचडीनंतर तीन वर्षे राहून काम करण्याची मुभा आहे. इतर पदवीधरांसाठीची दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीड वर्षावर येणार आहे. अमेरिकेने २०२५ च्या सप्टेंबरमध्ये एच-१बी व्हिसाच्या काही नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. तेव्हा येत्या काही वर्षांत अनेकांचे परतणे हे देशप्रेमापेक्षा व्हिसाच्या तारखेने ठरेल. अशा वेळी परतणाऱ्यांची सोय करणे ही भावनेची बाब उरत नाही. ती प्रशासनाची बाब होते.

परतल्यानंतरची रांग

परतलेल्या विद्यार्थ्यापुढची पहिली पायरी पदवीच्या मान्यतेची. ब्रिटनमधील एका वर्षाच्या पदव्युत्तर पदवीला भारतात समकक्षता मिळत नसे; २०२२ मध्ये दोन्ही देशांत झालेल्या सामंजस्य कराराने ही अडचण बरीच दूर झाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे नवे नियम केले. जागतिक क्रमवारीतील पहिल्या पाचशे विद्यापीठांतील पीएचडीधारकांना सहायक प्राध्यापकपदासाठी नेट परीक्षेची अट नाही, हे २०१८ च्या नियमांत आलेच आहे. म्हणजे पात्रतेचे दार उघडले आहे. आत बसायला खुर्ची नाही, ही खरी अडचण आहे.

महाराष्ट्रातील अकृषी विद्यापीठे आणि अनुदानित महाविद्यालये यांतील रिक्त पदांचा प्रश्न जुना आहे. भरती वर्षानुवर्षे रखडते आणि अध्यापनाचा गाडा तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या खांद्यावर चालतो. भंडारा जिल्हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत येतो. जिल्ह्यात स्वतंत्र विद्यापीठ नाही. महाविद्यालये आहेत, पण ती प्रामुख्याने पदवी देण्यासाठी आहेत. २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, ही मोठी जमेची बाजू. परंतु अर्थशास्त्र, जलशास्त्र, मानवशास्त्र वा सार्वजनिक धोरण या विषयांत परदेशी प्रबंध लिहून आलेल्या व्यक्तीला भंडाऱ्यात राहून संशोधन करायचे म्हटले, तर तिने कोणत्या कार्यालयाची पायरी चढावी, हे सांगता येत नाही. मग ती बंगळुरू वा दिल्ली गाठते, स्पर्धा परीक्षेकडे वळते किंवा पहिली संधी मिळताच पुन्हा विमानात बसते. तिच्यावर देश सोडल्याचा ठपका ठेवणे सोपे आहे. देशाने तिला कोठे बसविले असते, याचे उत्तर देणे अवघड आहे.

जागा होती तेथे काय झाले

याच्या उलट, परतणाऱ्यासाठी जागा तयार असली तर काय घडते, याचे दाखले महाराष्ट्राच्या इतिहासातच आहेत. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून प्रसूतिशास्त्रावरील प्रबंध लिहून पदवीधर झाल्या, तेव्हा कोल्हापूर संस्थानाने आपल्या रुग्णालयातील स्त्रीविभागासाठी त्यांची नेमणूक केलेली होती. फेब्रुवारी १८८७ मधील त्यांच्या मृत्यूने ती योजना अपुरी राहिली, पण डॉक्टर येण्यापूर्वीच तिची जागा ठरवून ठेवणारे प्रशासन एकोणिसाव्या शतकात होते, हे विसरता येत नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे उदाहरण थेट भंडाऱ्यापर्यंत पोहोचते. इरावती कर्वे १९३० मध्ये बर्लिनची डॉक्टरेट घेऊन परतल्या आणि काही वर्षे त्यांना महिला विद्यापीठाच्या प्रबंधक म्हणून काम करावे लागले. हसमुख सांकलिया १९३० च्या दशकात लंडनची पीएचडी घेऊन आले. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून सुरू झाले आणि या दोघांनाही आपल्या विषयात काम करण्याचे ठिकाण मिळाले. तेथून महाराष्ट्राच्या पुरातत्त्वाची एक परंपरा उभी राहिली. त्याच परंपरेत घडलेले शां. भा. देव पुढे नागपूर विद्यापीठात आले आणि १९६९-७० मध्ये जगत्पती जोशी यांच्यासह भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे उत्खनन करून त्यांनी प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आणले. वैनगंगेच्या काठचे पवनी हे इसवी सनापूर्वीच्या काळातील भरभराटीचे केंद्र होते, हे त्यातून सप्रमाण सिद्ध झाले. लंडनच्या एका प्रबंधाला पुण्यात खुर्ची मिळाली, म्हणून तीस वर्षांनी भंडाऱ्याला स्वतःचा इतिहास मिळाला.

दुसरा धागा विदर्भातलाच. पंजाबराव देशमुख यांनी ब्रिटनमध्ये वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगम-विकासावर प्रबंध लिहिला. परतल्यावर त्यांनी त्या विषयाचे अध्यापन केले नाही. अमरावतीत शिक्षणसंस्था उभारली आणि पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले. १९६९ मध्ये अकोल्यात स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे आणि त्या विद्यापीठाचे भात संशोधनाचे केंद्र भंडारा जिल्ह्यातील साकोलीत चालते. प्रबंधाच्या विषयाचा आणि परतीनंतरच्या कामाचा संबंध सरळ रेषेतच असला पाहिजे असे नाही, हे यातून दिसते. संस्था उभारण्याची मुभा आणि साधने मिळाली, की ज्ञान आपला मार्ग शोधते.

भंडाऱ्याचे न लिहिलेले प्रबंध

भंडाऱ्यात संशोधनाला विषय नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. कोहळी समाजाने गोंड राजवटीच्या काळापासून बांधलेले माजी मालगुजारी तलाव हे पूर्व विदर्भाच्या जलव्यवस्थेचे मोठे वैभव. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव शासनाकडे आले आणि त्यांची देखभाल करणारी गावची व्यवस्था मोडली. गाळ, अतिक्रमण, मासेमारीचे हक्क, निस्तार हक्क असे जल, कायदा आणि जात यांचे गुंतागुंतीचे प्रश्न त्यातून निर्माण झाले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थेने ढिवर समाजाच्या पारंपरिक ज्ञानाच्या आधारे तलाव जिवंत करण्याचे काम केले आहे. म्हणजे ज्ञान जिल्ह्यात आहे. त्याला विद्यापीठीय संशोधनाची जोड देणारा दुवा नाही.

गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. मूळ ३७२ कोटी रुपयांचा अंदाज कित्येक पटींनी वाढला. विस्थापित गावांचे पुनर्वसन हा तीन दशकांहून अधिक काळ चाललेला विषय आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला लागलेल्या आगीत दहा बालके दगावली. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणी कारखान्यात प्राणघातक स्फोट झाला. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. यातील प्रत्येक घटनेवर चौकशी झाली, अहवाल झाले, भाषणे झाली. आगप्रतिबंध, औद्योगिक सुरक्षा, पुनर्वसन, जातीय हिंसा यांचा सातत्याने, दहा-दहा वर्षे एकाच ठिकाणी राहून अभ्यास करणारी व्यवस्था मात्र जिल्ह्यात उभी राहिली नाही. चौकशी समिती परत जाते, संशोधक राहतो. हा फरक फार मोलाचा आहे.

जामीन दोन्ही बाजूंनी हवा

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. शिष्यवृत्ती मिळविणाऱ्याने आपल्या तालुक्यातच का परतावे? दलित वा आदिवासी विद्यार्थ्यानेच समाजसेवेचे ओझे का वाहावे, जेव्हा स्वखर्चाने गेलेल्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही? हा आक्षेप रास्त आहे. अणुभौतिकी शिकलेल्याला भंडाऱ्यात प्रयोगशाळा मिळणार नाही आणि त्याने ती मागूही नये. सक्तीने परत आणलेला माणूस बडोद्याच्या करारासारखाच काही दिवसांत निघून जातो. म्हणूनच परतण्याची सक्ती वाढविण्यापेक्षा परतणे शक्य करणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. चीनने २००८ पासून परदेशस्थ संशोधकांना परत आणण्यासाठी पदे आणि निधी यांची मोठी योजना राबविली; तिच्यावर पुष्कळ टीका झाली, पण माणूस येण्यापूर्वी जागा तयार हवी हे तिने ओळखले होते.

त्यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. पीएचडीच्या शिष्यवृत्तीला प्रबंध सादर होईपर्यंत वर्षभराची सशर्त मुदतवाढ देता येईल. परतल्यानंतर दोन वर्षांची संशोधनवृत्ती त्याच योजनेचा भाग करता येईल आणि ती जिल्ह्यातील महाविद्यालय, वैद्यकीय महाविद्यालय वा जिल्हा प्रशासन यांच्याशी जोडता येईल. भारतीय विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारात सर्वांना वाचता येतात. सरकारी पैशांतून परदेशात लिहिलेल्या प्रबंधाची एक प्रत आणि मराठी सारांश तेथे वा राज्याच्या ग्रंथालयात जमा करण्याची अट विद्यार्थ्याला जाचक वाटणार नाही. माणूस परतला नाही, तरी प्रबंध परतेल. आणि भारताविषयीच्या सामाजिक अध्ययनावरील बंदी उठविली पाहिजे, हे तर उघडच आहे.

शासन विद्यार्थ्याकडून करारनामा घेते, जामीनदार मागते. त्यात गैर काही नाही. पैसा जनतेचा आहे. परंतु करार म्हटला की दोन पक्ष आले. विद्यार्थ्याने अभ्यास पूर्ण करण्याची हमी द्यायची, तर त्या अभ्यासाला वाव देण्याची हमी दुसऱ्या पक्षाने द्यायला हवी. १९१७ मध्ये बडोद्याने नोकरी दिली आणि शहराने घर नाकारले. आज घर मिळेलही. नोकरीची जाहिरात निघत नाही. भंडाऱ्यातून यंदा परदेशी जाणारा विद्यार्थी चार-पाच वर्षांनी प्रबंध बांधून परतीचे सामान भरेल, तोपर्यंतचा काळ शासनाच्या हाती आहे. त्याच्या तिकिटाची रक्कम अंदाजपत्रकात धरलेली असते. त्याच्या खुर्चीची तरतूदही त्याच अंदाजपत्रकात आता झाली पाहिजे.